कपाट जळालं, कागद परत मिळवायचे: कल्याणच्या एका चाळीतलं प्रकरण

कल्याण पूर्वेकडची जुनी चाळ. पहिल्या मजल्यावर पागडीच्या दोन खोल्या आणि राहणारी माणसं पाच. वडील रिक्षा चालवतात, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते, मुलाची बारावीची परीक्षा नुकतीच झाली आहे, मुलगी सातवीत आहे, आणि आजी मूळ साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी साडेदहाला सिलिंडर बदलला गेला. शेगडीच्या टोकाशी तडकलेल्या नळीतून गॅस गळत होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लायटर दाबला आणि भडका उडाला. आई आणि आजी दारातून बाहेर पडल्या, मुलं घरात नव्हती. अग्निशमन दलाची गाडी येऊन आग विझेपर्यंत स्वयंपाकघर आणि मधल्या भिंतीला टेकलेलं लाकडी कपाट गेलं होतं. घरातली सगळी कागदपत्रं त्याच कपाटात होती.

हे प्रकरण एकाच घरात जसंच्या तसं घडलेलं नाही. जळिताच्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी इथे एका कुटुंबावर बेतून मांडल्या आहेत. कार्यालयं, नमुने आणि रकमा मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

वाचलं काय, तेही बघू. स्टँडवरची रिक्षा, वडिलांच्या खिशातला फोन, लायसन्स, बिल्ला आणि आजीची पत्र्याची पेटी. आईचा फोन ओट्याजवळ चार्जिंगला होता, तो गेला. पुढच्या निम्म्या अडचणी त्या एका फोनपायी झाल्या.

राखेत हात घालण्याआधी

शेजाऱ्यांनी जीव लावून मदत केली आणि पहिली चूकही त्यांच्याच हातून झाली. दुपारी दोनपर्यंत त्यांनी अर्धी खोली झाडून राख गोण्यांत भरली होती. पंचनामा व्हायच्या आधी झाडू मारायचा नाही. नुकसान डोळ्यांना दिसलं नाही, तर ते पंचनाम्यात येत नाही. या घरात गोण्या जिन्याखालीच ठेवलेल्या होत्या, म्हणून निभावलं. आधी प्रत्येक भिंतीचे, छताचे आणि कपाटाच्या प्रत्येक खणाचे फोटो काढायचे. एखादा फोटो दारातून अख्ख्या खोलीचा घ्यायचा, म्हणजे बाकीचे फोटो कुठले ते कळतं.

लोखंडी कपाट किंवा पेटी असेल तर ती हाताला गार लागेपर्यंत उघडायची नाही. आतला कागद तापून वाळलेला असतो, झाकण उघडून ताजी हवा आत गेली की तो तिथल्या तिथे पेटू शकतो. आजीची पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. आतले कागद कडेने तपकिरी झाले होते, पण वाचता येत होते. आजोबांच्या नावाचा जुना सातबारा आणि वडिलांचा गावच्या शाळेतला दाखला त्यात निघाला. या दाखल्याचं मोल किती, ते दोन महिन्यांनी कळलं.

कपाटातल्या प्लास्टिकच्या फोल्डरचा मात्र गोळा झाला होता. लॅमिनेशन केलेले कागद आगीत आधी वितळतात आणि एकमेकांना चिकटतात. हौसेने लॅमिनेट केलेली दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळून काळी वडी तयार झाली होती. ती फेकायची नाही आणि सोलायचीही नाही. तिरप्या उजेडात कडेचे आकडे वाचता येतात का ते बघायचं. या वडीच्या एका कोपऱ्यात गुणपत्रिकेचा बैठक क्रमांक दिसत होता. मोबाइलने चार बाजूंनी फोटो काढून वडी पिशवीत ठेवली.

बंबाच्या पाण्याने भिजलेल्या कागदांना बुरशी दोन दिवसांत धरायला लागते. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, उन्हात वाळवायची नाहीत आणि इस्त्री तर अजिबात नाही. गठ्ठा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या फ्रिजरमध्ये ठेवला की बुरशी थांबते. मग सवडीने एकेक गठ्ठा बाहेर काढून, पानांमध्ये कोरा कागद घालत पंख्याखाली वाळवता येतो. आईच्या विमा पॉलिसीची खालची अर्धी बाजू अशीच वाचली.

‘हरवले’ लिहायचं की ‘जळाले’

पोलीस ठाण्यात पहिल्याच दिवशी सल्ला मिळाला, “कागदं हरवली असं लिहा, लगेच दाखला मिळेल.” सल्ल्यात वाईट हेतू नव्हता. हरवल्याची नोंद खरंच लवकर होते. पण तो कागद पुढे अडचणीत आणतो. अग्निशमन दलाचा अहवाल सांगतो आग लागली, तलाठ्याचा पंचनामा सांगतो कपाट जळालं, आणि पोलिसांचा दाखला सांगतो कागद प्रवासात गहाळ झाले. विमा कंपनी असो, शिक्षण मंडळ असो वा जात पडताळणी समिती, तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर समोरचा माणूस पहिला प्रश्न यावरच विचारतो.

म्हणून नोंद ‘आकस्मिक जळीत’ म्हणूनच करून घ्यायची आणि तिचा क्रमांक व तारीख मागून घ्यायची. दुसरी गोष्ट यादीची. घाबरलेल्या माणसाला त्या दिवशी आधार, पॅन आणि रेशन कार्ड एवढंच आठवतं. या घराने पहिल्या अर्जात सहा कागद लिहिले होते, प्रत्यक्षात गेले होते तेवीस. त्यामुळे आठवड्याने पुरवणी जबाब द्यावा लागला. पहिला अर्ज लगेच द्यावाच, पण त्यात एक ओळ घालावी: “याखेरीज जळालेल्या कागदपत्रांची यादी नंतर सादर करीत आहे.” मग घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक कोरा कागद घ्यायचा. त्यावर जन्म, शाळा, जात, नोकरी, बँक, वाहन, जागा, गॅस, विमा या क्रमाने आठवून लिहायचं. कागदाचा क्रमांक आठवत नसेल तर देणारं कार्यालय आणि अंदाजे वर्ष लिहायचं.

तीन मूळ कागद एकदा हातात आले की पुढचं सगळं त्यांच्या आधाराने चालतं: पोलिसांची जळीत नोंद, अग्निशमन दलाचा अहवाल, आणि तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांचा पंचनामा. अग्निशमन दलाचा अहवाल आपणहून घरी येत नाही. महापालिकेच्या अग्निशमन कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून तो घ्यावा लागतो. प्रत्येकी दोन प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि मूळ प्रत कुठल्याच खिडकीवर सोडू नये. या घरात अहवालाची एकुलती एक प्रत एका कार्यालयाने ‘फाइलला लागेल’ म्हणून ठेवून घेतली. दुसरी मिळवण्यात नऊ दिवस गेले.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. कार्यालयाबाहेरचा टेबलवाला पाचशेचा स्टँप घ्यायला लावतो, तो अशा ठिकाणी लागत नाही. शिवाय ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राच्या जागी साधं स्वयंघोषणापत्र चालतं. या घराने पहिल्या आठवड्यात चार स्टँप घेतले. त्यातला एकच लागला, तोही खासगी कामासाठी.

एका सिमकार्डाची गाठ

आईचा, मुलाचा आणि आजीचा आधार आईच्याच मोबाइल नंबरला जोडलेला होता. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येत. दुकानात नवं सिम मागायला गेल्यावर कळलं की ते आईच्या नावावर नाहीच. आठ वर्षांपूर्वी गावाकडच्या काकांनी स्वतःच्या नावावर काढून दिलेलं होतं. सिम ज्याच्या नावावर, त्यालाच दुसरं मिळतं. काका वडूजला कंपनीच्या दुकानात गेले, आधारवर अंगठा देऊन सिम घेतलं आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरकडे पाकीट दिलं.

सिम फोनमध्ये घातलं, रेंज आली, पण ओटीपी येईना. घरच्यांना वाटलं सिम खराब निघालं, आणि मुलगा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायला निघाला होता. त्याला वेळेत थांबवलं. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. कुणी दुसऱ्याच्या नावाने सिम काढून खातं रिकामं करू नये, म्हणून हा नियम आहे. सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर पोर्टही होत नाही. त्या एका दिवसात ओटीपीसाठी दहादा खटपट केली की बँकेचं अ‍ॅप लॉक होतं, ते वेगळंच. तेव्हा सिम घालायचं, फोन बाजूला ठेवायचा आणि ज्यांना ओटीपी लागत नाही अशी कामं उरकायची.

वडिलांचा नंबर चालू होता, त्यामुळे त्यांचा आधार पहिल्याच दिवशी संध्याकाळी डाउनलोड झाला. आधार क्रमांक आठवत नसला तरी नाव आणि नोंदवलेला मोबाइल दिला की यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून तो परत मिळतो; १९४७ वर फोन करूनही विचारता येतं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. हा ई-आधार कार्डाइतकाच चालतो. प्लास्टिकचं कार्ड मागवायची घाई नको, ते आधारवरच्या पत्त्यावर टपालाने येतं आणि त्या पत्त्याला सध्या कुलूप आहे.

आजीचं आधार केंद्रावरच झालं. मोबाइल जोडलेला नसला किंवा बंद असला, तरी नाव, जिल्हा आणि बोट किंवा डोळ्याची बुबुळं यांवरून ऑपरेटर आधार शोधून छापून देतो. “आजी, बोट जरा दाबून धरा,” असं चार वेळा झालं. आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषाच उरलेल्या नव्हत्या. शेवटी बुबुळांवर जुळलं. वयस्कर माणूस सोबत असेल तर पहिल्याच प्रयत्नाला डोळे घ्या म्हणून सांगावं, सगळ्यांचाच वेळ वाचतो. तिथेच आजीच्या आधारला वडिलांचा मोबाइल जोडला. त्याला कागद लागत नाही, माणूस समोर असला की झालं.

टपाल कुठे येणार?

हा प्रश्न फार उशिरा लक्षात येतो. पॅन, एटीएम कार्ड, आधारचं कार्ड, सगळं स्पीड पोस्टाने जुन्या पत्त्यावर निघतं. पोस्टमन येतो, दाराला कुलूप बघतो, दोन खेपा घालतो आणि पाकीट परत पाठवतो. या घरात वडिलांचं पॅन असंच एकदा परत गेलं. नंतर त्यांनी वाटप होणाऱ्या पोस्ट ऑफिसात लेखी अर्ज देऊन टपाल तात्पुरत्या पत्त्यावर वळवून घेतलं. पोस्टमनला मोबाइल नंबर देणं हा या अर्जाइतकाच कामाचा उपाय आहे.

पॅनची पुनर्छपाई सोपी आहे. माहितीत बदल नसेल तर ५० रुपयांत, पॅन छापणाऱ्या ‘प्रोटीन’ (पूर्वीची एनएसडीएल) किंवा यूटीआय या कंपन्यांच्या संकेतस्थळावरून. क्रमांक जुन्या बँक खात्याच्या केवायसीत सापडतो. मतदार ओळखपत्रासाठी नमुना ८ भरायचा आणि त्यातला कार्ड बदलून मिळण्याचा पर्याय निवडायचा. मोबाइल नोंदलेला असेल तर ई-ओळखपत्राची पीडीएफ त्याच दिवशी मिळते. शिधापत्रिकेसाठी दुय्यम प्रतीचा नमुना १५. पण त्यासाठी धान्य अडत नाही. दुकानातलं यंत्र शिधापत्रिकेच्या बारा अंकी क्रमांकावर आणि अंगठ्यावर चालतं, आणि क्रमांक दुकानदाराच्या यादीत असतोच. मे महिन्याचा गहू-तांदूळ या घराने कार्डाशिवायच उचलला.

रिक्षाची कागदं

इथे पोटापाण्याचा प्रश्न होता. वडिलांनी आगीच्या तिसऱ्या दिवशी रिक्षा काढली. आरसी बुक, परमिट, फिटनेस आणि विमा यांतलं काहीच जवळ नव्हतं. २०१८ पासून ही कागदं डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये दाखवलेली कायद्याने चालतात. कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर जुना फोटो असतो, तो चालत नाही. अ‍ॅपमध्ये परिवहन खात्याच्या नोंदीतून आलेलाच कागद दाखवावा लागतो. विम्याची प्रत कंपनीकडून मेलवर मिळाली, पीयूसी नवीनच काढली.

दुय्यम आरसीसाठी नमुना २६. त्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही लागते, आणि इथे गाडं अडलं. कर्ज तीन वर्षांपूर्वीच फिटलं होतं. पतसंस्थेने तेव्हा ना-हरकत पत्र आणि कर्ज फिटल्याचा नमुना ३५ सही करून दिलेला होता. वडिलांनी तो कपाटात ठेवला आणि आरटीओत जाऊन बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायचं राहूनच गेलं. कागद जळाला तरी आरटीओच्या नोंदीत बोजा कायम होता. रिक्षावाल्यांत हे सर्रास आढळतं. शेवटचा हप्ता भरला की माणसाच्या लेखी काम संपलेलं असतं. पतसंस्थेकडून नव्या तारखेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ पुन्हा घेऊन, दुय्यम आरसी आणि बोजा उतरवणं हे दोन्ही अर्ज एकदमच केले. परमिटच्या दुय्यम प्रतीचा अर्ज त्यानंतर दिला, कारण तिथे आरसी मागतात. लायसन्स खिशात होतं म्हणून वाचलं. ते गेलं असतं तर सारथी संकेतस्थळावर नमुना एलएलडी भरावा लागला असता.

मुलाचा प्रवेश

बारावीचा निकाल आणि प्रवेशाची फेरी डोक्यावर होती, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच हातात घ्यायला हवं होतं. घरच्यांनी ते पैशांच्या कामांनंतर ठेवलं. जळिताच्या घरात साहजिकच आहे, पण क्रम चुकला. नुकसानभरपाईच्या अर्जाला महिना लागला तरी चालतं. प्रवेशाचं पोर्टल कुणासाठी थांबत नाही.

दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर निघाली, त्यावर फॉर्म भरता आला. कागदावरची दुय्यम प्रत मुंबई विभागीय मंडळाच्या वाशीच्या कार्यालयातून मिळते. अर्ज शाळेमार्फत, सोबत पोलिसांची नोंद. बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष अचूक लागतं. काळ्या वडीतला क्रमांक इथे कामी आला, नाहीतर तो शाळेतल्या नोंदींतून शोधावा लागला असता. शाळा सोडल्याचा दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरवरून पुन्हा लिहून मिळतो आणि त्यावर ‘दुय्यम प्रत’ असा शेरा येतो. तो शेरा बघून घाबरायचं कारण नाही.

मुलाचा जातीचा दाखला २०२१ साली ‘आपले सरकार’वर निघालेला होता, त्यामुळे क्रमांकावरून पुन्हा छापता आला. खरी अडचण होती जात वैधता प्रमाणपत्राची. ते अजून व्हायचंच होतं, आणि त्याला लागणारे जुने पुरावे जळाले होते. कुटुंब ओबीसी. ओबीसींसाठी मानीव दिनांक, म्हणजे पुराव्यांसाठी धरली जाणारी तारीख, १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधी कुटुंब कुठे राहत होतं, ते दाखवावं लागतं. म्हणून राहणं कल्याणला असलं तरी पुरावे साताऱ्यातच शोधावे लागले.

अशा वेळी लक्षात ठेवायचं ते हे, की आपल्या कागदांच्या प्रती आपल्याच घरात असतात असं नाही. जिथे जिथे आपण अर्ज केला, त्या प्रत्येक फाइलला त्या जोडलेल्या असतात. काकांच्या मुलीला पाच वर्षांपूर्वी वैधता मिळालेली होती. तिच्या फाइलमध्ये वंशावळ, आजोबांचा शाळेतला उतारा, सातबारा, सगळं होतं. काकांनी स्वतःच्या प्रती दिल्या आणि समितीकडून प्रमाणित प्रतीही मागवल्या. आजीच्या पेटीतला वडिलांचा दाखला इथेच जोडला गेला, कारण वंशावळीत वडील आणि काका सख्खे भाऊ आहेत हे त्या दाखल्यावरच्या आजोबांच्या नावाने जुळत होतं. आजोबांच्या जन्माची नोंद हवी असेल तर गावचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं. बऱ्याच गावांच्या नोंदी मोडीत आहेत, लिप्यंतर करून घ्यावं लागतं. या घराला तिथवर जावं लागलं नाही.

मुलीच्या जन्मदाखल्याबाबतीत एक छोटी चूक झाली. तो कल्याणला मागितला, पण तिचा जन्म आईच्या माहेरी, कराडच्या दवाखान्यात झाला होता. जन्माची नोंद राहत्या ठिकाणी नाही, जन्म झाला तिथल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत असते.

पैसे, जळके आणि मिळायचे

डाळीच्या डब्यात ५०० च्या ३६ नोटा होत्या, म्हणजे १८,००० रुपये. भडक्यात डबा तापून आतल्या नोटा भाजल्या, कडा काळ्या, मधला भाग तपकिरी, हात लावला की पापुद्रा सुटत होता. बँकेच्या शाखेने घेतल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. फाटकी नोट शाखा बदलून देते, पण जळून ठिसूळ झालेली किंवा एकमेकींना चिकटलेली नोट फक्त रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात बदलते. मुंबईत फोर्टला, नवी मुंबईत बेलापूरला. नोटा सुट्या करायच्या नाहीत, डब्यातून काढायच्याही नाहीत. डबाच कापूस घालून घट्ट केला आणि लोकलमध्ये मांडीवर घेऊन नेला. ५०० च्या नोटेचं क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर असतं. सलग तुकडा ८० किंवा त्याहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० च्या दरम्यान असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. एकवीस नोटा पूर्ण धरल्या गेल्या, नऊ निम्म्या, सहा बाद. हाती आले १२,७५०.

तहसीलच्या मदतीत पंचनाम्यातला एक शब्द महत्त्वाचा ठरतो. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत आग ही आपत्ती धरलेली आहे. पक्कं घर पूर्ण नष्ट झालं तर सपाट भागात १,२०,००० रुपये, आणि कपडे व भांडी यांसाठी कुटुंबामागे प्रत्येकी २,५००. अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५००. या घराच्या पंचनाम्यात ‘अंशतः नुकसान’ एवढंच लिहिलं होतं, टक्केवारीच नव्हती. टक्केवारी नाही म्हणजे पंधराच्या वर की खाली ते ठरत नाही, आणि फाइल टेबलावर पडून राहते. फेरपाहणीचा अर्ज फोटोंसह दिला, तेव्हा ‘अंदाजे ३० टक्के’ असा आकडा आला. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्यावा आणि छत, भिंत, वायरिंग, भांडी, कपडे असं वेगवेगळं लिहायला सांगावं.

गॅसच्या विम्याची माहिती तर फारच थोड्यांना असते. घरगुती सिलिंडरमुळे अपघात झाला, तर तेल कंपन्यांनी काढलेला सार्वजनिक दायित्व विमा लागू होतो. मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी जास्तीत जास्त २ लाख आणि मालमत्तेसाठी एका घटनेला २ लाखांपर्यंत. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. दावा ग्राहक थेट विमा कंपनीकडे करत नाही. वितरकाला लगेच लेखी कळवायचं, वितरक तेल कंपनीला कळवतो आणि पुढे विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. फोनवर सांगून भागत नाही, अर्जाच्या प्रतीवर वितरकाचा शिक्का आणि तारीख घ्यायचीच. मालमत्तेची भरपाई कनेक्शनच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घटनेसाठी असते. इथे पत्ता बरोबर होता, पण कनेक्शन वारलेल्या आजोबांच्या नावावर. त्यावर सर्व्हेअरने वारसाचे कागद मागितले. नळीबद्दलही विचारलं. सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं, तिच्यावर तारीख छापलेली असते. शेगडीकडचं जळकं टोक गोणीतून शोधून काढलं, पण तारखेचा भाग उरला नव्हता. वितरकाकडच्या विक्रीच्या नोंदीवरून नळी पाच वर्षांच्या आतली निघाली.

आयुर्विम्याच्या दुय्यम पॉलिसीसाठी फ्रिजरमधून वाचवलेला अर्धा तुकडा जोडला. पॉलिसी आगीत काही अंशी नष्ट झाली असेल तर उरलेला भाग हाच पुरावा धरला जातो.

जागा

पागडीचा भाडेकरू आगीनंतर जागा सोडून नातेवाइकांकडे जातो, भाडं देणं थांबवतो आणि पावत्याही जळालेल्या असतात. मालकाशी वाद सुरू होतो तो इथूनच. या घराने मेचं भाडं मनीऑर्डरने पाठवलं, पावतीच्या जागी तो पुरावा झाला. वीजबिलाच्या प्रती महावितरणच्या संकेतस्थळावर बारा अंकी ग्राहक क्रमांकावरून मिळाल्या. क्रमांक शेजाऱ्याच्या मीटरलगतच्या या घराच्या मीटरवर खडूने लिहिलेला होता. मीटर सुरू करण्याआधी परवानाधारक कंत्राटदाराकडून वायरिंग तपासून घेतलं. वरून धड दिसणाऱ्या पाइपमध्येही वायरचं आवरण वितळलेलं सापडलं, ती सगळी लाइन बदलली. छताचं प्लास्टर काठीने वाजवून बघितलं. पोकळ वाजलं तिथलं उतरवलं, सळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या तिथे इंजिनिअरला आणलं. काजळी आधी कोरड्याच स्पंजने पुसायची. ओलं फडकं लावलं की ती भिंतीत मुरते आणि रंगातून वर येत राहते.

ऑगस्टअखेरची स्थिती

आधार, पॅन, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्रं, आरसी, परमिट, गुणपत्रिका आणि दोन्ही मुलांचे दाखले आले. मुलाचा प्रवेश वैधतेच्या अर्जाच्या पोचपावतीवर झाला, पडताळणी सुरू आहे. तहसीलची मदत जुलैत जमा झाली. गॅसच्या विम्याचा दावा वारस दाखल्यासाठी थांबलेला आहे आणि आजोबांचा मृत्यूदाखला खटावहून आणायला काका पुढच्या सोमवारी जाणार आहेत. आईच्या मोबाइलचं सिम अजूनही त्यांच्याच नावावर आहे. ते कल्याणला येतील तेव्हा आईच्या नावावर करून घ्यायचं ठरलंय.